डोकं कापलं जातं, चेहरा धूसर दिसतो: दोन वेगळी दुखणी

डेटिंग अ‍ॅपवर फोटो चढवला की डोकं कापलं जातं आणि चेहराही धूसर दिसतो, असं एकाने विचारलंय. कारणं वेगवेगळी आहेत.

कापाकापी होते ती रुंदी-उंचीच्या गुणोत्तरामुळे. आडवा फोटो उभ्या चौकटीत बसवताना अ‍ॅप बाजू छाटतं. ४००० × ३००० पिक्सेलचा आडवा फोटो ३:४ उभा केला, तर रुंदीतले २२५०च उरतात. म्हणून छाटणी आपणच करावी: ४:५, म्हणजे १०८० × १३५०. डोळे वरून साधारण एक तृतीयांशावर, केसांच्या वर बोटभर जागा. खालच्या पाव भागात महत्त्वाचं काही नको; नाव, वय, बटणं बहुधा तिथेच येतात. गोल चौकटीत चौकोनाचे कोपरे, म्हणजे जवळजवळ २१ टक्के भाग, उडतो. तिथे चेहरा मधोमधच हवा.

धूसरपणाचं मूळ बहुतेकदा व्हॉट्सअ‍ॅप. ते फोटो दाबून लहान करतं, म्हणून मित्राकडून मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. स्क्रीनशॉट तर नकोच. लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापलेला ३०० पिक्सेलचा चेहरा ताणला की चिखल होणारच. शार्पन केल्याने फक्त कडा खरखरीत होतात.

हात लांब करून सेल्फी काढा, असा सल्लाही कुणीतरी दिलाय; तो मला पटत नाही. इतक्या जवळून नाक फुगतं, कान मागे पळतात. मागचा कॅमेरा, दुप्पट झूम, फोन दोन मीटरवर टेकवलेला आणि १० सेकंदांचा टायमर. आणि हो, आधी लेन्स पुसा.