जिल्हा परिषदेच्या उमेदवाराचं पत्रक: यातलं त्याच्या हातात किती?

औशाचा_पोरगा:

नमस्कार मंडळी. मी चाकणला कंपनीत आहे, पण मतदान गावाकडं, औसा तालुक्यात. आमच्या गटात, म्हणजे जिल्हा परिषदेच्या मतदारसंघात, या खेपेला एक नवा गडी अपक्ष उभा आहे. लातूरला इंजिनिअरिंग केलं, काही वर्षं पुण्यात नोकरी केली आणि आता गावात दुधाचा धंदा बघतो. त्याचं पत्रक भावानं व्हॉट्सॲपवर पाठवलं. नेहमीचं ‘सर्वांगीण विकास’ छाप नाही, चक्क मुद्दे आहेत. म्हणून इथं विचारतोय.

तो म्हणतो, निराधार आणि श्रावणबाळ या मासिक मदतीच्या योजनांचे पैसे महिन्याच्या ५ तारखेच्या आत खात्यावर जमा करून दाखवीन. त्यासाठीची २१ हजार उत्पन्नाची अट वाढवून घेईन. कुठलाही दाखला ८ दिवसांच्या वर थांबणार नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात चोवीस तास डॉक्टर. एकही वर्ग शिक्षकाविना राहणार नाही. आणि शेवटी बारीक अक्षरात: शिलाई मशीन, पिठाची गिरणी, सायकली यांचे लाभार्थी गावासमोर चिठ्ठी टाकून निवडणार.

माझी मावशी विधवा आहे, सहासष्ट वर्षांची. पासष्टी ओलांडल्यामुळं लाडकी बहीणमधून बाहेर, आणि श्रावणबाळचा अर्ज उत्पन्न जास्त म्हणून बाद झाला. दाखल्यावर ३० हजार लिहून आलं होतं. म्हणून मावशीला हे पत्रक फार आवडलंय. आई मात्र म्हणते, “पोरगं चांगलं हाय, पर ह्याच्या हातात काय हाय?” मला उत्तर देता आलं नाही. इथं कुणी जाणकार असेल तर सांगा.

फटकळ_मामा:

पत्रक वाचून मत देणारे तुमच्या गटात किती? दोन बोटांवर मोजून सांगा. बाकीचे शेवटच्या दोन रात्रींत ठरवतात. अपक्षाला शुभेच्छा.

जुना_कारकून:

मामांचं चालू द्या. तुझ्या आईनं मात्र नेमक्या जागी बोट ठेवलंय. मी आधी पंचायत समितीत आणि शेवटची वर्षं जिल्हा परिषदेच्या मुख्यालयात काढली, आता घरी बसून आहे. पत्रक हातात आलं की मी आजही एकच बघतो, की या कामाची फाईल कुणाच्या टेबलावर सहीला जाते. आश्वासन कितीही गोड असो, सही दुसऱ्या ऑफिसात असेल तर उमेदवार फार तर निवेदन देईल आणि फोटो काढील.

निराधार, श्रावणबाळ हा विषय जिल्हा परिषदेचा नाहीच. तो तहसीलमधल्या संजय गांधी शाखेचा. तालुक्याच्या समितीचा अध्यक्ष पालकमंत्र्यांच्या मर्जीतला, सचिव तहसीलदार, वरचं खातं सामाजिक न्याय व विशेष सहाय्य. जिल्हा परिषदेतही ‘समाजकल्याण’ अशी पाटी असते, म्हणून लोकांचा घोटाळा होतो आणि म्हाताऱ्या बायका चुकीच्या जिन्यावर चढतात. आता तर पैसे डीबीटीनं थेट खात्यात येतात, म्हणजे तारीख तहसीलदाराच्याही हातात राहिली नाही. पाच तारखेवर काट मार.

२१ हजारांचा मुद्दा खरा आहे, आणि तो त्या पोरानं उचलला याबद्दल त्याला मार्क द्यायला हवेत. वर्षाला २१ हजार म्हणजे महिन्याला १,७५०. एवढ्यात शेळीसुद्धा जगत नाही. दिव्यांगांसाठी ही मर्यादा ५० हजार केली, बाकीच्यांची तशीच राहिली. लाडकी बहीणला कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत चालतं. म्हणजे तुझ्या मावशीला पासष्टीपर्यंत सरकार अडीच लाखांची मापं लावत होतं, सहासष्टाव्या वर्षी एकवीस हजारांची लावतं. तीच बाई, तेच घर, तीच चूल. हे बदलायचं तर राज्य सरकारचा शासन निर्णय लागतो. जिल्हा परिषद फार तर ठराव करून मुंबईला पाठवील.

या अटीनं काय झालंय तेही सांगतो. तालुक्यातले दाखले काढून बघ, गावच्या गाव २० हजार नाहीतर २१ हजारांवर थांबलेलं दिसेल. ज्याची तलाठ्याशी ओळख त्याचा आकडा बसतो. ज्याची नाही त्याचा ३० होतो. मावशीचा अर्ज बाद झाला म्हणजे ती श्रीमंत ठरली असं नाही, तिच्या बाजूनं बोलणारं कुणी नव्हतं एवढंच.

दाखल्यांचं म्हणशील तर कायदा आधीच आहे, २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा. प्रत्येक सेवेला मुदत ठरलेली. घराचा नमुना ८ चा उतारा ग्रामपंचायतीनं ५ दिवसांत द्यायचा, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला १५ दिवसांत. मुदत टळली की पहिलं अपील, मग दुसरं अपील, मग सेवा हक्क आयोग. दोषी ठरला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. कागदावर सगळं चोख. पण घड्याळ सुरू होतं ते पोच, म्हणजे अर्ज घेतल्याची पावती, मिळाल्यावर. आणि खिडकीवर काय होतं? म्हातारा कागद देतो, माणूस तो चाळतो, पेपरवेटखाली सरकवतो आणि म्हणतो, “बघतो, पुढच्या आठवड्यात या.” पोच नाही, नंबर नाही, तारीख नाही. म्हणजे अर्ज आलाच नाही. ग्रामसेवक, म्हणजे आता ग्रामपंचायत अधिकारी, जिल्हा परिषदेचा माणूस असल्यामुळं तिथं सदस्य पोचेचा आग्रह धरू शकतो. तलाठी आणि तहसील महसूल खात्याचे, तिथं त्याचं काही चालत नाही. ‘आठ दिवसांत सगळे दाखले’ यातलं अर्धंच त्याच्या आवाक्यात आहे.

शिक्षकांची भरती राज्याच्या ‘पवित्र’ पोर्टलवर, बदल्याही ऑनलाइन. पूर्वी बदलीसाठी सदस्याच्या ओट्यावर गुरुजींच्या चपलांचा ढीग असायचा, तो जमाना गेला, आणि गेला ते बरंच झालं. खोल्यांची दुरुस्ती, पाणी, संडास हे मात्र सदस्य करू शकतो. पत्रकात नेमकं तेच नाही.

आता बारीक अक्षरातला मुद्दा. मी पत्रक वाचताना तिथंच थांबलो.

जिल्हा परिषदेचा स्वतःचा पैसा असतो, आम्ही त्याला सेस म्हणायचो. त्यातले २० टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणसाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. मशीन, गिरणी, सायकल सगळं यातून येतं. नियमाप्रमाणं ग्रामसभेचा ठराव, पंचायत समितीची छाननी, विषय समितीची मंजुरी. प्रत्यक्षात प्रत्येक सदस्याचा न लिहिलेला कोटा असायचा. सदस्य यायचे, खिशातून वहीचं घडी घातलेलं पान काढायचे आणि म्हणायचे, “एवढी नावं बसवा.” पानावर पहिलं नाव बहुतेक वेळा मेव्हण्याच्या बायकोचं. मग त्या नावांसाठी अर्ज भरले जायचे, आधी निवड आणि नंतर अर्ज असा उलटा कारभार. ग्रामसभेचा ठराव मागच्या तारखेनं लागायचा.

२०१६ च्या डिसेंबरात वस्तूऐवजी पैसे द्यायचा निर्णय झाला. बाईनं आधी गिरणी विकत घ्यायची, पावती द्यायची, मग रक्कम खात्यात. खरेदीतला मलिदा कमी झाला हे खरं. पण जिच्याकडं आधी भरायला पैसे नाहीत ती आपोआप गळाली. यावर तुमच्या उमेदवाराचं काय म्हणणं आहे ते विचार. चिठ्ठीत नाव निघालं आणि गिरणी घ्यायला उसने पैसे कोण देणार?

तरीही चिठ्ठी टाकणं ही एकच गोष्ट अशी आहे की ज्यासाठी त्याला मुंबईची परवानगी नको, अध्यक्षाची नको, पक्षाची तर नाहीच नाही. पन्नास-साठ सदस्यांत अपक्षाचं मत एक. पण स्वतःच्या गटातली नावं कशी काढायची हे तो एकटा ठरवू शकतो. फक्त त्याला म्हणावं, आधी पात्र अर्जांची यादी चावडीवर लाव, मग चिठ्ठ्या टाक. नाहीतर डब्यातच मेव्हणीची चिठ्ठी चार वेळा असायची.

आशाताई_तेर:

काका सगळं बरोबर बोलले, आरोग्याचं राहिलं. मी शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात आशा कार्यकर्ती आहे, गावातली आरोग्य सेविका. ३० हजार लोकसंख्येमागं एक आरोग्य केंद्र आणि दोन डॉक्टरांच्या जागा. एक डॉक्टर मीटिंगला किंवा ट्रेनिंगला, दुसरे दिवसभर ओपीडी करून रात्रीही तेच. चोवीस तास डॉक्टर हा शब्द सोपा आहे हो. डॉक्टरांची नेमणूक राज्य सरकार करतं, सदस्याच्या शिफारशीनं डॉक्टर येत नाही.

त्यापेक्षा त्या दादांना विचारा की रुग्ण कल्याण समितीच्या मीटिंगला येणार का. प्रत्येक केंद्राला अशी समिती असते, गटाचा जिल्हा परिषद सदस्य तिच्यात असतो, थोडा निधीही असतो. तो निधी कशावर खर्च करायचा ते तिथंच ठरतं. मी बाई घेऊन रात्री गेले, लाईट गेलेली, इन्व्हर्टरची बॅटरी उतरलेली. सिस्टरांनी मोबाईलच्या उजेडात बाळंतपण केलं, मोबाईल मी धरला होता. बॅटरीला मुंबईहून मंजुरी लागत नाही. लागते ती मीटिंग आणि कोरम. समितीच्या रजिस्टरवर सह्या असतात, माणसं नसतात, कारण रजिस्टर घरोघर फिरतं.

आणि मार्च २०२२ पासून जिल्हा परिषदेवर निवडून आलेले सदस्य नव्हते, सरकारी प्रशासक होते तेव्हा तर विचारायलाच कुणी नव्हतं. सदस्य वाईट असला तरी त्याच्या दारात जाऊन भांडता येतं. प्रशासकाच्या दारात शिपाई असतो.

पायलट_बापू:

कारकून काका, तुमचा मुद्दा पटतो पण पूर्ण नाही. मी दोन निवडणुकांत गाडी चालवलीय उमेदवारांची (म्हणून हे नाव). लोकांना कुठं माहीत असतं, हे तहसीलचं आणि ते जिल्हा परिषदेचं? ते निवडून आलेल्या माणसाकडं येतात. सदस्य सोबत असला की तहसीलमध्ये खुर्ची मिळते, साहेब भेटतात, प्रकरण त्या दिवशी वर येतं. अधिकार नसला तरी वजन असतं. मावशीचं काम त्या वजनानं होईल, कायद्याचं कलम दाखवून होणार नाही. उमेदवार पाच तारीख लिहितो म्हणजे तो पाठपुरावा करीन म्हणतो, एवढंच समजा.

जुना_कारकून:

बापू, वजनानं काम होतं हे मी नाकारत नाही, तीस वर्षं तेच बघितलं. पण मावशीचं प्रकरण वर आलं की दुसऱ्या कुणाचं खाली जातं, आणि ते ज्याच्याकडं गाडी नाही त्याचं असतं. शिवाय ज्या सदस्याचं राजकारण ‘चला, मी येतो सोबत’ यावर चालतं, त्याला खिडकीवर पोच मिळायला लागलेली परवडेल का? त्याच्या ओट्यावरची गर्दीच आटेल. सुधारणा अडते ती इथं. हा पोरगा नवा आहे तोवर चिठ्ठीची भाषा करतोय. पाच वर्षांनी त्याच्या ओट्यावर गर्दी दिसली तर लोक म्हणतील, माणूस कामाचा आहे. मी म्हणेन, अर्धं पत्रक वाया गेलं.

फटकळ_मामा:

काका, तुम्ही उभे राहा. मत मिळणार नाही, पण भाषण ऐकायला येऊ.

औशाचा_पोरगा:

सगळ्यांचे आभार, मामांचेसुद्धा. भावानं काल कोपरा सभेत दोन प्रश्न विचारले. गिरणीच्या उसन्या पैशांवर तो म्हणाला की बचत गटाकडून गिरणीपुरतं कर्ज आणि रक्कम खात्यात आली की परत, असं काही बसवता येईल का ते बघतो. ‘बघतो’ म्हणाला, ‘करतो’ म्हणाला नाही. भावाला ते आवडलं, बाजूला बसलेल्या चुलत्यांना नाही आवडलं, ते म्हणाले “ह्याला अजून पुढारपण येईना.” निराधारच्या तारखेवर मात्र तहसीलवर मोर्चा काढू म्हणाला आणि टाळ्या घेतल्या. रुग्ण कल्याण समितीचं नाव त्यानं ऐकलेलं नव्हतं. वहीत लिहून घेतलं म्हणे.

आईचं मत त्याला पक्कं झालंय, कारण मात्र तिनं सांगितलं नाही. काका, मावशीचं तेवढं सांगा, निवडणुकीची वाट न बघता काय करता येईल?

जुना_कारकून:

आधी अर्ज बाद झाल्याचं कारण लेखी घ्या. तोंडी ‘उत्पन्न जास्त’ला काही अर्थ नाही. देत नसतील तर माहितीच्या अधिकारात तहसीलला अर्ज टाका, फी १० रुपये, मुदत ३० दिवस. अर्जात दोनच गोष्टी मागा: ज्या बैठकीत प्रकरण ठेवलं तिच्या इतिवृत्ताची प्रत, आणि ३० हजार ज्यावर ठरवले त्या तलाठ्याच्या चौकशी अहवालाची प्रत. तो अहवाल बघण्यासारखा असतो. बरेचदा मुलाची नोकरी किंवा सुनेचं शेत आईच्या नावावर मोजलेलं सापडतं. मावशी वेगळी राहत असेल, शिधापत्रिका वेगळी असेल, तर तिची झेरॉक्स लावून उत्पन्नाचा दाखला नव्यानं मागा. अर्ज सेवा केंद्रातून ऑनलाइनच करा आणि टोकनची पावती मावशीच्या हातात द्या, भावाच्या खिशात नको. हे सगळं होईपर्यंत तिच्या खात्याला आधार जोडलंय का तेही बँकेत जाऊन बघून घ्या. मंजूर झालेलं प्रकरणसुद्धा तिथं अडकतं.