‘किचन कॅबिनेट’ला मराठीत काय म्हणावं?

पागोटं: एका दिवाळी अंकासाठी अँड्र्यू जॅक्सनवर लिहितोय. अमेरिकेचा सातवा राष्ट्राध्यक्ष, कारकीर्द १८२९ ते १८३७. आईबाप लहानपणीच गेलेले, पुढे वकील, मग न्यू ऑर्लिन्सच्या लढाईत इंग्रजांना हरवणारा जनरल, हे सगळं सुरळीत लिहून झालं. गाडी अडली ती १८३१ साली, ‘किचन कॅबिनेट’पाशी, म्हणजे मंत्री नसलेल्या त्याच्या खासगी सल्लागारांपाशी. मराठी वर्तमानपत्रं हा शब्द आहे तसा छापतात, पण लेखात आठ वेळा आला की कानाला टोचतो. ‘स्वयंपाकघर मंत्रिमंडळ’ लिहून पाहिलं. बायकोने वाचून विचारलं, “यात भाजीचं खातं कोणाकडे?”

दिंडी दरवाजा: वहिनींना दाद. तुम्ही अर्थ आणलात, टोमणा आणला नाहीत. हा शब्द मुळात विरोधकांनी दिलेली शिवी आहे, म्हणून आधी प्रकरण काय होतं ते बघू.

जॅक्सनचा युद्धमंत्री जॉन ईटन. त्याने जिच्याशी लग्न केलं ती मार्गारेट, सगळे पेगी म्हणत, वॉशिंग्टनमधल्या एका खानावळवाल्याची मुलगी. नवरा समुद्रावर वारला आणि वर्षही उलटलं नाही तोच तिने ईटनशी लग्न केलं. झालं! उपाध्यक्ष कॅलहूनची बायको पुढे झाली आणि मंत्र्यांच्या बायकांनी पेगीला चक्क वाळीत टाकलं. तिच्याकडे जाईनात, तिला बोलावीनात. जॅक्सनला हे फार झोंबलं. त्याची स्वतःची बायको रेचल, तिचा आधीचा घटस्फोट पुरता होण्याआधीच यांचं लग्न लागलेलं, आणि १८२८च्या निवडणुकीत विरोधकांनी त्यावरून तिची लक्तरं काढली होती. नवरा निवडून आला, पण त्याने शपथ घेण्याआधीच, डिसेंबरात, ती गेली. तेव्हा पेगीच्या बाजूने तो हट्टाने उभा राहिला यात नवल नाही. शेवटी १८३१ साली जवळजवळ सगळं मंत्रिमंडळ बदललं. पोस्टमास्तर जनरल तेवढा टिकला.

खरा सल्ला तो आधीपासूनच दुसऱ्यांचा घेत होता. हिशेब तपासनीस आणि जुना पत्रकार एमॉस केंडल, ‘ग्लोब’चा संपादक फ्रान्सिस ब्लेअर, टेनेसीतला दोस्त विल्यम लुईस. यातला कोणीही मंत्री नव्हता. डिसेंबर १८३१मध्ये निकोलस बिडल या बँकवाल्याने एका पत्रात अशा अर्थाचं लिहिलं, की तिथे आता दिवाणखान्यापेक्षा स्वयंपाकघराचं जास्त चालतं. पुढच्या वर्षी ‘किचन कॅबिनेट’ हा शब्द छापून आला. त्या काळच्या बड्या घरात स्वयंपाकघर म्हणजे नोकरांची जागा. जॅक्सनच्या घरी तर गुलामांची. मागच्या दाराने येणारी, हलक्या दर्जाची माणसं राज्य चालवताहेत, ही त्यातली मेख.

आपल्या वाड्यात सदर आणि माजघर असतंच की. ‘माजघराने सदरेवर कुरघोडी केली’, बिडलचं वाक्य मराठीत असंच उतरतं.

(याच बिडलच्या बँकेची सनद वाढवायला जॅक्सनने जुलै १८३२मध्ये नकार दिला. त्या नकाराचा खलिता लिहिण्यात मोठा वाटा कोणाचा? केंडलचा. माजघराने उट्टं काढलं!)

सुपारी: माजघर शब्द सुरेख आहे, पण घोटाळा करील. आपल्याकडे माजघर म्हटलं की बायका आठवतात, नोकर नाही. इंदिरा गांधींच्या सल्लागारांना किचन कॅबिनेट म्हणायचे, तेव्हा मी कॉलेजात होते. पंतप्रधान बाई आहे म्हणूनच चुलीवरून टोमणा मारताहेत, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. आणि इथे तर पेगीची गोष्टही आहे. वाचक म्हणेल, बायकांच्या भांडणावरून नाव पडलं. तसं नाही ना? पेगी त्या कोंडाळ्यात नव्हती.

पागोटं: नव्हती. मग ‘कोंडाळं’च का नको?

सुपारी: कोंडाळ्यात खुषमस्करे येतात. केंडल, ब्लेअर कामाची माणसं होती.

जुनी खोड: खलबतखाना? बारभाई?

दिंडी दरवाजा: खलबतखाना ही जागा, आणि तिथे बसणारे मानाचेच लोक. बारभाईंचं तर उलटंच. नाना फडणवीस, सखारामबापू हे दरबारातले मुत्सद्दी, राघोबादादांविरुद्ध एकवटलेले. ते सदरेवरचेच. माझं मत ‘आतला गोट’. ‘आतल्या गोटातली बातमी’ आपण रोज म्हणतो. टोमणा थोडा बोथट होतो, पण अर्थ पोचतो.

जुनी खोड: त्याच लेखात ‘स्पॉइल्स सिस्टीम’ येणार असेल, निवडून आलेल्याने सरकारी नोकऱ्या आपल्या माणसांना वाटायच्या ती पद्धत. तिथे ‘ज्याच्या हाती ससा तो पारधी’ घाला.

दिंडी दरवाजा: नको हो, ती म्हण श्रेयाबद्दल आहे. १८३२मध्ये सेनेटर मार्सी म्हणाला ते थेट लुटीबद्दल होतं. जिंकणाऱ्याची लूट, तशा सरकारी नोकऱ्या. गंमत अशी की जॅक्सन याच गोष्टीला पाळीपाळीने पदं देणं म्हणायचा. ‘पाळी’ आणि ‘लूट’, दोन्ही शब्द ठेवा.

सुपारी: शब्दांचंच चाललंय तर एक विचारते. २८ मे १८३०चा ‘इंडियन रिमूव्हल अ‍ॅक्ट’ तुम्ही काय लिहिलाय?

पागोटं: ‘स्थलांतर कायदा’. सगळीकडे तसंच असतं.

सुपारी: स्थलांतर फ्लेमिंगो करतात. ऊसतोडीला जाणारे करतात, तेही पोटासाठी. चेरोकी हे अमेरिकेतले मूळ रहिवासी. त्यांची शेतं होती, घरं होती, स्वतःचं वर्तमानपत्र होतं. १८३८-३९ साली सुमारे १६,००० माणसांना सैन्य लावून मिसिसिपी नदीपलीकडे नेलं, त्यातली ४,००० च्या आसपास मेली असं मानतात. तोवर अध्यक्ष व्हॅन ब्यूरेन होता, पण कायदा जॅक्सनचा, आणि हट्टही त्याचाच. मूळ इंग्रजी शब्दच गुळगुळीत आहे. कपाट हलवावं तसा. आपण तो आणखी गुळगुळीत कशाला करायचा?

दिंडी दरवाजा: ‘विस्थापन’?

सुपारी: ते धरणाच्या फायलीतलं वाटतं. ‘हुसकावणी’.

पागोटं: बदललं. शीर्षक ‘हुसकावणीचा कायदा’. आणि किचन कॅबिनेट पहिल्यांदा तसंच ठेवून, माजघर-सदरेचं वाक्य एकदा, पुढे सगळीकडे ‘आतला गोट’.

पागोटं (चार दिवसांनी): मुद्रितशोधकांचा फोन आला होता. माजघर चाललं, गोट चालला. ‘हुसकावणी’ जरा रांगडं वाटतं, ‘स्थलांतर’ करू का म्हणाले. नको म्हटलं. आता अंक हातात आल्यावर कळेल.