मदत हवी आहे : टोबॅगो बेटावरच्या छोट्या गेस्टहाउसमध्ये आई-वडिलांसह आठवडाभराचा मुक्काम

नमस्कार मंडळी,

येत्या एप्रिलच्या सुरुवातीला माझे आई-वडील साताऱ्याहून आमच्याकडे न्यू जर्सीला येत आहेत, आणि महिन्याच्या उत्तरार्धात आम्हा चौघांचा टोबॅगो बेटावर आठवडाभर राहण्याचा विचार आहे. कॅरिबियनमधली अधिक प्रसिद्ध बेटे सोडून टोबॅगोच का, याचे कारण बाबा आहेत. पोर्ट ऑफ स्पेनचे क्वीन्स पार्क ओव्हल मैदान त्यांना एकदा प्रत्यक्ष पाहायचे आहे. १९७१ च्या मार्चमध्ये वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजविरुद्ध भारताला पहिला कसोटी विजय मिळवून दिला तो याच मैदानावर. सरदेसाईंच्या ११२ धावा आणि पदार्पण करणाऱ्या गावसकरांच्या ६५ व नाबाद ६७ हे आकडे आमच्या घरात पाढ्यांसारखे पाठ आहेत. मैदान त्रिनिदादमध्ये आहे, पण आईला शहर नको, समुद्र हवा. म्हणून एक रात्र पोर्ट ऑफ स्पेन आणि बाकीचे दिवस शेजारचे टोबॅगो, असा बेत ठरत आला आहे.

मोठ्या रिसॉर्टमध्ये राहायचे नाही, हे आमचे नक्की आहे. वेळासला कासव महोत्सवाच्या वेळी आम्ही गावातल्याच एका घरी राहिलो होतो आणि तो अनुभव आई-बाबांना मनापासून आवडला होता. टोबॅगोतही मार्च ते ऑगस्ट या काळात लेदरबॅक जातीची प्रचंड समुद्री कासवे अंडी घालायला किनाऱ्यावर येतात, हे वाचल्यापासून आईचा उत्साह दुणावला आहे. शिवाय दोघेही शाकाहारी असल्यामुळे स्वयंपाकघर असलेली जागा आम्हाला अत्यावश्यक आहे.

बरीच शोधाशोध केल्यावर बेटाच्या कॅरिबियन समुद्राकडच्या बाजूला असलेले कॅस्टारा हे मासेमारीचे गाव पसंत पडले. तिथे घरमालकच चालवतात अशी छोटी गेस्टहाउसे बरीच आहेत, बहुतेकांत स्वतःपुरते स्वयंपाकघर असते, किनाऱ्यावर अजून रापण ओढली जाते आणि मातीच्या भट्टीत पाव भाजला जातो. एका मालकीणबाईंशी पत्रव्यवहार सुरू आहे. त्यांची उत्तरे तत्पर आणि सौजन्यपूर्ण असतात, परंतु त्यांनी देऊ केलेली दोन खोल्यांची जागा टेकडीच्या उतारावर आहे आणि छायाचित्रांत पायऱ्या दिसतात. आईचे दोन्ही गुडघे दुखरे आहेत. किती पायऱ्या आहेत, असे विचारल्यावर ‘फार नाहीत’ असे उत्तर आले. टेकडीवर जन्म काढलेल्या माणसाच्या ‘फार नाहीत’ या शब्दांचा अर्थ काय घ्यावा, हे मला ठरवता येत नाही.

त्यामुळे जाणकारांना विचारते. संपूर्ण आठवडा कॅस्टारात काढणे वृद्धांसाठी योग्य ठरेल का, की विमानतळालगतच्या क्राउन पॉइंट भागात राहून एखाद्या दिवशी कॅस्टाराला जाऊन यावे? त्रिनिदादहून टोबॅगोला जाण्यासाठी बोट बरी की विमान? डाळ, तांदूळ, पीठ इथून न्यावे की तिथे मिळते, आणि बाहेर जेवायची वेळ आलीच तर शाकाहारी माणसाने काय मागावे? मालकीणबाईंनी अर्धी रक्कम बँकेतून आगाऊ पाठवण्यास सांगितले आहे. ती पाठवण्यापूर्वी आणखी काय विचारून घ्यावे? आणि सर्वांत मोठी काळजी म्हणजे पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस. आई-बाबा मे महिन्यात भारतात परतणार आहेत आणि लसीचा दाखला नसेल तर तिथे विलगीकरणात ठेवतात, असे एका नातेवाइकांनी सांगितल्यापासून बाबा हा बेतच रद्द करू म्हणत आहेत.

प्रतिसाद : त्रिनिदादमध्ये काही वर्षे नोकरी केलेले सभासद

ताई, मी पॉइंट लिसास इथल्या औद्योगिक वसाहतीत कामाला होतो आणि सुट्टी मिळाली की सहकुटुंब टोबॅगोला जात असे. कॅस्टारा हे गाव मला अतिशय आवडते, तरीही तुमच्या आईंचे गुडघे लक्षात घेता आठवडाभर तिथेच राहू नका, असे मी स्पष्टपणे सांगेन. हे गाव दोन लहान उपसागरांभोवती डोंगर थेट पाण्यापर्यंत उतरतो अशा ठिकाणी वसलेले आहे. चांगला देखावा असलेली जवळजवळ प्रत्येक खोली त्यामुळेच उंचावर असते, आणि पायऱ्या एकसारख्या उंचीच्या नसतात. पावसानंतर त्या निसरड्याही होतात. मालकीणबाई खोटे बोलत आहेत असे मुळीच नाही, पण ‘फार’ आणि ‘थोड्या’ या भाषेत त्यांना विचारूच नका. रस्त्यापासून खोलीच्या दारापर्यंत एकूण किती पायऱ्या, कठडा कोणत्या बाजूला आहे आणि गाडी नेमकी कुठपर्यंत येते, हे विचारा आणि मोबाइलवर चालत चालत काढलेली एक चित्रफीत मागा. छोट्या गेस्टहाउसचा हाच तर फायदा आहे की ज्या व्यक्तीला तुम्ही प्रश्न विचारता, तीच सकाळी त्या पायऱ्या झाडत असते.

माझ्या मते आधीचे तीन-चार दिवस बेटाच्या नैऋत्य टोकाला, म्हणजे क्राउन पॉइंट, स्टोअर बे किंवा बक्कू या सपाट भागात राहावे आणि नंतरचे दोन-तीन दिवस कॅस्टारात, तेही किनाऱ्याच्या पातळीवरची खोली मिळाली तरच काढावेत. नैऋत्येला सगळे जवळ आहे. विमानतळावरून स्टोअर बेला चालत जाता येते आणि तिथूनच काचेच्या तळाच्या होड्या बक्कू रीफ व नायलॉन पूल दाखवायला नेतात. नायलॉन पूल म्हणजे भर समुद्रात कमरेएवढ्या पाण्याचा पांढऱ्या वाळूचा पट्टा. पोहता न येणाऱ्या आई-बाबांनाही तिथे उतरता येईल. मात्र होडीची शिडी चढण्या-उतरण्यापुरता हात द्यावा लागेल. कासवांचे दोन मुख्य किनारे, स्टोनहेवन बे आणि टर्टल बीच, हेही याच बाजूला असल्याने रात्री उशिरा लांबचा घाटरस्ता करावा लागत नाही. कासवे पाहायला स्वतःहून विजेऱ्या घेऊन जाऊ नका. स्थानिक संस्थेच्या वाटाड्यांबरोबरच जा. वेळासला राहून आलेल्यांना याचे कारण सांगायला नको. वेळासला तुम्ही पिल्ले समुद्रात जाताना पाहिली असतील. इथे बहुधा मादी अंडी घालताना दिसेल, आणि त्यासाठी दीड-दोन तास अंधारात वाट पाहण्याची तयारी हवी. आईंसाठी घडीची खुर्ची न्या.

जेवणाच्या बाबतीत लोकांचा नेहमी एक गैरसमज होतो. त्रिनिदादमध्ये भारतीय वंशाची वस्ती फार मोठी आहे, त्यामुळे तिथे कोपऱ्या-कोपऱ्यावर शाकाहारी पोट भरते. टोबॅगोची वस्ती मात्र बहुतांश आफ्रिकी वंशाची आहे आणि तिथल्या जेवणाचा मान खेकड्याची करी आणि डंपलिंग यांना आहे. रोटीची दुकाने नैऋत्य भागात आणि स्कारबरो शहरात सापडतात. तिथे ‘चना अँड आलू’ भरलेली ढालपुरी मागावी. चण्याच्या डाळीसारख्या पिवळ्या वाटाण्यांचे सारण असलेली ती पोळी बाबांना नक्की ओळखीची वाटेल. कललू दिसले की मात्र सावध राहा. ते अळूच्या पानांचे, नारळाच्या दुधातले असल्यामुळे आपल्याला लगेच आपलेसे वाटते, परंतु त्यात बहुतेक वेळा खेकडा किंवा खारवलेले डुकराचे मांस घातलेले असते. रास्ताफारी पंथाचे लोक चालवतात ती ‘आयटल’, म्हणजे बहुधा शाकाहारीच, जेवणाची ठिकाणे दिसली तर बिनधास्त जा.

स्वयंपाकघर हाताशी असल्यावर खरे तर काहीच अडत नाही. स्कारबरोच्या मंडईत भेंडी, कारली, चवळीच्या शेंगा, कच्ची केळी, नीरफणस, अळकुड्या, सारे मिळते. तांदूळ, कणीक, पिवळी वाटाण्याची डाळ, जिरे आणि हळद सुपरमार्केटमध्ये सहज मिळतात. तूरडाळ आणि गोडा मसाला तेवढा बंद पाकिटांतून न्या. ताजी फळे आणि रोपे नेऊ नका. तिथली वीज ११५ व्होल्टची आणि पिना अमेरिकेसारख्याच असल्याने तुमचा विजेवरचा कुकर तसाच चालेल. कॅस्टारात दुकाने छोटी आहेत, तेव्हा किराणा आणि रोख रक्कम दोन्ही नैऋत्येतूनच घेऊन पुढे जा.

बोटीचा विचार सोडून द्या. पोर्ट ऑफ स्पेन ते स्कारबरो प्रवासाला तीन-चार तास लागतात, त्रिनिदादचा किनारा सुटताच समुद्र खवळलेला असतो आणि ज्यांना बोट लागते त्यांची दैना होते. विमान पंचवीस मिनिटांत उतरते. फक्त ते तिकीट आधी काढून ठेवा, कारण ईस्टरच्या सुमारास अख्खे त्रिनिदाद टोबॅगोला येते; ईस्टरनंतरच्या मंगळवारी बक्कूत बकऱ्यांच्या शर्यती असतात आणि त्या आठवड्यात खोल्यांचे भावही वर जातात. एप्रिलचा उत्तरार्ध साधारणपणे यातून सुटतो. हवामानाच्या दृष्टीनेही तुमची निवड चांगली आहे : कोरडा ऋतू अजून संपलेला नसतो, हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या मोठ्या लाटा ओसरलेल्या असतात आणि ओरिनोको नदीचे गढूळ पाणी पावसाळ्यात पसरते तसे अजून पसरलेले नसते. सरगॅसम शेवाळाचा त्रास झालाच तर तो मुख्यतः पूर्वेकडच्या, अटलांटिक बाजूच्या किनाऱ्यांना होतो.

प्रतिसाद : टोरांटोहून

लसीबद्दल थोडक्यात लिहितो, कारण बाबांनी त्यापायी बेत रद्द करू नये. भारताच्या यादीत पीतज्वराच्या धोक्याचा प्रदेश म्हणून त्रिनिदादचे नाव आहे, टोबॅगोचे नाही. पण तुमची एक रात्र पोर्ट ऑफ स्पेनमध्ये असल्याने नियम लागू होतो, असेच धरून चाला. तथापि तो नियम अशा प्रदेशातून निघाल्यावर सहा दिवसांच्या आत भारतात पोहोचणाऱ्यांसाठी आहे. तुमचे आई-वडील न्यू जर्सीत परतून आठवड्याहून अधिक काळ राहणार असतील, तर दाखल्याअभावी विलगीकरणाचा प्रश्न उद्भवू नये. परतीच्या तिकिटात हे अंतर ठेवा आणि अमेरिकेत परतल्याची तारीख दाखवणारे विमानाचे कागद जपून ठेवा. साठीनंतर ही लस पहिल्यांदा घेण्यात दुष्परिणामांचा धोका वाढतो, म्हणून ‘असू द्या’ म्हणून ती टोचून घेऊ नये; डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे. डासांपासून बचाव मात्र डेंग्यूसाठी तरीही करावाच लागेल, तेव्हा खिडक्यांना जाळी किंवा पलंगाला मच्छरदाणी आहे का, हे मालकीणबाईंना अवश्य विचारा.

आणखी एक. भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी त्रिनिदाद-टोबॅगोचा व्हिसा लागत नाही, पण परतीचे तिकीट आणि राहण्याचा पत्ता विचारतात, म्हणून गेस्टहाउसचे पुष्टिपत्र छापून न्या. आई-वडिलांचा अमेरिकेचा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे याची खात्री करा, आणि एवढ्या छोट्या सहलीनंतर मुक्कामाचे नवे सहा महिने मिळतील असे गृहीत धरू नका. तुम्ही स्वतः एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असाल आणि पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला असेल, तर कॅनडा-मेक्सिकोला थोडे दिवस जाऊन त्याच शिक्क्यावर परतण्याची जी सवलत आहे, ती या बेटांना लागू होत नाही.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. परतीचे विमान मेच्या मध्यावर असल्याने सहा दिवसांची अट आपोआप पूर्ण होते. बाबांना हे वाचून दाखवले आणि त्यांनी रद्द करण्याची भाषा सोडली. माझा शिक्का चालू आहे. मालकीणबाईंना चित्रफीत मागितली, ती दुसऱ्याच दिवशी आली. रस्त्यापासून दारापर्यंत एक्केचाळीस पायऱ्या मोजल्या आणि कठडा निम्म्याच वाटेवर आहे. त्यांना गुडघ्यांचे कारण मोकळेपणाने लिहिल्यावर त्यांनीच किनाऱ्यालगत राहणाऱ्या आपल्या बहिणीच्या घरातली तळमजल्याची जागा सुचवली. तिथे फक्त दोन पायऱ्या आहेत, पण समुद्राचा देखावा नाही, समोर जाळी दुरुस्त करायचे आवार आहे. बाबांना तर हेच जास्त पसंत आहे.

आता दोनच गोष्टी उरल्या. तिथे गाडी भाड्याने घ्यावी का, आणि पोर्ट ऑफ स्पेनमधली ती एक रात्र सुरक्षित आहे का? आणीबाणी जाहीर झाल्याच्या बातम्या वाचून थोडी धास्ती वाटते.

प्रतिसाद : त्रिनिदादमध्ये काही वर्षे नोकरी केलेले सभासद

तळमजल्याची जागा घ्या. आगाऊ रक्कम देताना मात्र पावती बहिणीच्या जागेच्या नावाने मागा, बेत रद्द झाल्यास किती रक्कम परत मिळेल ते लेखी घ्या आणि सांगितलेल्या भाड्यात साडेबारा टक्के व्हॅट धरला आहे की नाही, हेही विचारा. भाडे अमेरिकी डॉलरमध्ये आहे की स्थानिक डॉलरमध्ये, याचा उल्लेख पत्रात स्पष्ट हवा; दोन्हींचे चिन्ह एकच असल्याने गोंधळ होतो आणि फरक सहापटींहून जास्त आहे.

गाडी भाड्याने घेऊ नका. नैऋत्येच्या मुक्कामात तिची गरज नाही; कॅस्टाराचा रस्ता अरुंद आणि वळणावळणाचा आहे, आणि तुम्हाला अमेरिकेत उजवीकडून चालवायची सवय झाली असेल, तिथे वाहतूक डावीकडून आहे. साताऱ्याचे बाबा शेजारी बसून सूचना देतीलच, पण जाण्या-येण्याला गेस्टहाउसच्या ओळखीचा टॅक्सीवाला ठरवणे अधिक सोयीचे. अधिकृत टॅक्सीची पाटी ‘एच’ अक्षराने सुरू होते. त्याच माणसाला एक दिवस ठरवून इंग्लिशमन्स बे, पार्लाटुव्हिए आणि मेन रिज अरण्याच्या कडेपर्यंत जाऊन या. १७७६ पासून कायद्याने राखलेले ते जंगल आहे. आतली गिल्पिन ट्रेस ही पायवाट चिखलाची असल्याने आईंनी रस्त्यालगतच्या निवाऱ्यातूनच दरी पाहावी. तब्येतीचे काही निघाले तर मोठे रुग्णालय स्कारबरोजवळ सिग्नल हिल इथे आहे, म्हणजे कॅस्टाराहून सुमारे पाऊण-एक तास. औषधे भरपूर बरोबर ठेवा.

पोर्ट ऑफ स्पेनच्या बाबतीत धास्ती अगदीच निराधार नाही. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आणि पुन्हा जुलै २०२५ मध्ये तिथे गुन्हेगारीमुळे आणीबाणी लागू झाली होती, म्हणून निघण्याच्या आठवड्यात भारतीय उच्चायुक्तालयाच्या आणि अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या सूचना वाचा. मी तुमच्या जागी असतो तर शहरात रात्र काढलीच नसती. न्यूयॉर्कहून उतरल्यावर पियार्को विमानतळाजवळ मुक्काम करावा, सकाळी ठरवलेल्या गाडीने ओव्हलवर जावे आणि दुपारच्या विमानाने टोबॅगो गाठावे. मैदान क्वीन्स पार्क क्रिकेट क्लबच्या मालकीचे आहे, तेव्हा आत सोडण्याबद्दल क्लबला आधी पत्र लिहा आणि १९७१ चा उल्लेख जरूर करा. सकाळी लवकर निघालात तर वाटेत डबल्सच्या गाडीवर थांबा : दोन मऊ तळलेले बारे (पुरीसारख्या छोट्या पोळ्या) आणि त्यांवर चण्याची उसळ, पूर्ण शाकाहारी. तिखट किती हवे असे विचारतील, तेव्हा ‘स्लाइट’ म्हणावे. बाबा साताऱ्याचे असले तरीही.