एकच घर, तीन एजंट: व्यवहार कुणामार्फत करावा?

रानवारा:
आवडलेलं घर तीन एजंटांकडे विक्रीला आहे. पहिल्याने ते दोनदा दाखवलं, आमच्या सगळ्या शंकांना उत्तरं दिली. आता दुसरा कमी दलालीत जमवून देतो म्हणतोय. घरचे म्हणतात, त्याच्याकडे जा. मला हे पटत नाही. ज्याने मेहनत घेतली त्यालाच व्यवहारात धरावं. नाहीतर उद्या दोघेही दलाली मागतील आणि भांडण आपल्या दारात येईल.

निरभ्र:
साफ असहमत. एजंट मालकाने नेमलेत, घर विकलं जावं म्हणून. दाखवणं हे त्यांचं कामच आहे, त्याचं ओझं तुम्ही का घेता? पहिल्याला काही लिहून दिलंय का? नसेल तर जो कागदपत्रं मागितली की टाळाटाळ करत नाही, त्याच्याकडे जा.

पायवाट:
निरभ्र, "लिहून दिलंय का" हाच तर कळीचा प्रश्न आहे. घर दाखवण्याआधी काही एजंट एका कागदावर सही घेतात, आणि घाईत तो कुणी वाचत नाही. याच घराचा व्यवहार झाल्यास दलाली देईन, असं त्यात असलं तर दुसऱ्याकडे जाऊन दुहेरी भुर्दंड बसू शकतो. पण रानवारा, नुसतं आधी दाखवलं म्हणून हक्क ठरतो असंही नाही. करारात वेगळं काही नसेल, तर इंग्लिश कायद्याच्या परंपरेत व्यवहार प्रत्यक्षात कुणाच्या प्रयत्नाने घडला हे पाहतात.

निरभ्र:
मान्य, सही केली असेल तर विषय वेगळा. तरी तिन्ही जाहिराती शेजारी ठेवून बघाच. एकीत स्वयंपाकघराचा फोटो ओट्यापर्यंतच असतो, दुसरीत छतावरचा ओलीचा डाग दिसतो. एकीत जुनी किंमत, दुसरीत उतरवलेली. मालक खाली यायला तयार आहे, हे तिथेच कळतं. एकाच एजंटाला धरून बसलात तर हे दिसणार नाही.

सांजवेळ:
बघा तिन्ही, पण ऑफर एकाकडूनच द्या! दोघांमार्फत दिलीत तर मालकाला वाटतं दोन गिऱ्हाईकं आहेत, आणि तुम्ही स्वतःच्याच विरुद्ध भाव चढवत बसता. दलालीत वाचलेलं किमतीत जातं. या एका मुद्द्यावर मी रानवाराच्या बाजूने.

रानवारा:
सही केलेली नाही, आत्ताच तपासलं. तरी मी पहिल्याकडेच जाणार. दुसऱ्याची कमी दलाली त्याच्यासमोर ठेवून बोलेन, एवढं नक्की.

पायवाट:
बोला. आणि विसार देण्याआधी मालकाला स्वतः भेटा. तीन एजंट म्हणजे तीन वेगळी गिऱ्हाईकं. दुसऱ्या कुणाकडून विसार घेतलेला नाही आणि बाकीच्या दोघांना थांबायला सांगितलंय, हे त्याच्याकडून लेखी घ्या. एजंटाच्या तोंडी शब्दावर पैसे देऊ नका.