मदत हवी आहे: कुत्रा आणि मांजर, दोघांनाही पिसवा!

मुलुंडला वन रूम किचनमध्ये कुत्रा आणि मांजर एकाच सोफ्यावर लोळतात. पावसाळा लागल्यापासून दोघंही खाजवून हैराण. केसांतली काळी भुकटी ओल्या कापसावर तांबडी होते, म्हणजे पिसवाच. कुत्र्याची पिसू आणि मांजरीची पिसू या जाती वेगळ्या, पण कुत्र्यावरही बहुतेकदा मांजरीचीच जात सापडते म्हणे. म्हणून औषधही एकच चालेल असं नाही! कुत्र्यांच्या काही औषधांतलं पर्मेथ्रिन हे कीटकनाशक मांजरीच्या जिवावर बेततं, त्यामुळे तिला कुत्र्याचं औषध लावणार नाहीच. पण मांजरीला सोसेल असं, दोघांनाही चालणारं काही कोणी वापरलंय का? आणि सोफ्यातली अंडी, कोष कसे घालवलेत? पेस्ट कंट्रोलवाला फवारणी म्हणतोय, पण मांजर सतत पंजे चाटते, धीर होत नाही.