द्राक्षमळ्यांतून सायकलने: ठरवलेले नसताना तुम्ही कुठे थांबलात?

सायकलची घंटा

काल मंडईत ताजे जर्दाळू दिसले आणि २०१८च्या जुलैमधली डॅन्यूबकाठची दुपार जशीच्या तशी डोळ्यांसमोर उभी राहिली. पासाऊ ते व्हिएन्ना हा नदीकाठचा सायकलमार्ग आम्ही दोघांनी वाटाड्याविना केला होता. मुक्काम आधीच ठरलेले होते, बॅगा रोज सकाळी गाडीने पुढच्या गावी जात होत्या आणि आमच्याजवळ नकाशा, पाण्याच्या बाटल्या व पंक्चरचे सामान एवढेच असायचे. वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो आणि नदीही पूर्वेकडे वाहते, म्हणून बरेचजण याच दिशेने जातात.

मेल्क ते क्रेम्स हा साधारण ३५ किलोमीटरचा टप्पा म्हणजे ऑस्ट्रियातले वाखाउचे द्राक्षमळ्यांचे खोरे. २००० साली ते जागतिक वारशाच्या यादीत गेले. एवढे अंतर एका सकाळीत सहज संपते, पण आम्हाला पूर्ण दिवस लागला. श्पित्झला नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीला इंजिनच नाही. पात्रावर आडवा तारदोर ताणलेला आहे. नावाडी सुकाणू वळवून बोट प्रवाहाशी तिरकी करतो आणि पाणीच तिला पलीकडे ढकलत नेते. सायकली कठड्याला टेकवून आम्ही उभे होतो आणि पाण्याच्या चळचळीखेरीज कसलाही आवाज नव्हता. पलीकडे उतरलो आणि त्याच बोटीने पुन्हा अलीकडे आलो, केवळ ती शांतता आणखी एकदा मिळावी म्हणून. पुढे एका फाटकाशी जर्दाळूंची टोपली आणि पैसे टाकायला पत्र्याचा डबा ठेवला होता. उन्हाने कोमट झालेले ते फळ दोन बोटांनी दाबताच बी सुटी झाली. बरोबर कुणी मार्गदर्शक असता तर यांतल्या एकाही जागी आम्ही थांबलो नसतो, असे मला मनापासून वाटते.

तुमचे असे थांबे अवश्य लिहा.

निफाडचा बागायतदार

ताई, वाखाउचे नाव वाचून राहवले नाही. आमची द्राक्षबाग आहे आणि मुलगा म्युनिकला नोकरीला असतो. मागच्या सप्टेंबरात त्याच्याबरोबर क्रेम्सहून वाइसेनकिर्खेनपर्यंत सायकल चालवली, पण खरे तर मी दगडी बांध पाहत पायीच जास्त चाललो. चुना-सिमेंट न वापरता रचलेले ते बांध आणि त्यांच्या पायऱ्यांवर वेलींच्या मोजक्या ओळी. तिथे ट्रॅक्टर शिरणे शक्य नाही, सगळे हातानेच करावे लागते. बांधाच्या फटींत हिरवे सरडे राहतात आणि तिथल्या सर्वांत पक्व द्राक्षांच्या वाइनला ‘स्मारागड’ हे नाव त्या सरड्यावरूनच पडले आहे. आपल्या हवेत वेल झोपत नाही, म्हणून आपण एप्रिलमध्ये काड्यांसाठी खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळासाठी गोडी छाटणी करतो. तिथे मात्र ती हिवाळाभर खरोखर झोपते आणि तेव्हाची एकच मुख्य छाटणी पुरते. एक आजी घडांभोवतीची पाने काढत होत्या. मी थबकून बघतो आहे हे पाहून त्यांनी मला हाताने जवळ बोलावले आणि पुढची वेल माझ्याकडे सोपवली. भाषेची गरज पडली नाही. मुलगा तासभर बांधावर बसून होता.

खडूची पाटी

आम्ही फ्रान्समध्ये बोन ते सांतने ही वीस-बावीस किलोमीटरची मळ्यांमधली वाट केली. भाड्याच्या सायकलची साखळी मर्सो गावाच्या अलीकडे तीनदा उतरली आणि दुकानात कुणी फोन उचलेना. माझी पत्नी रडकुंडीला आली होती. मळ्यात काम करणाऱ्या एका तरुणाने साखळी बसवून दिली, हात पुसले आणि लगेच कामाला परत गेला. त्याचे नावही विचारायचे राहिले, याची हळहळ आजही वाटते.

आईची लेक

साखळीचे वाचून वाईट वाटले, परमुलखात असे झाले की जीव रडवेला होतो. मला विचारायचे होते की, आई वाइन घेत नाही, तर तिला अशा सहलीत अवघडल्यासारखे होईल का?

सायकलची घंटा

अजिबात नाही. तिथे शेतकऱ्यांच्या अंगणातल्या ‘हॉयरिगे’ नावाच्या वाइनघरांमध्ये द्राक्षांचा आणि जर्दाळूंचा रसही मिळतो. स्वतःची वाइन घरीच विकण्याची मुभा सम्राट दुसऱ्या योझेफने १७८४ साली दिली, तेव्हापासूनची ही रीत आहे. दारावर डहाळ्यांची जुडी टांगलेली दिसली की अंगण उघडे आहे, असे समजायचे. मीही दिवसा रसच घेत असे, कारण ऑस्ट्रियात सायकलस्वारालाही रक्तातल्या मद्याची मर्यादा आहे, हजारी ०.८. आईंना चढ नको असेल तर काठावरचाच रस्ता धरावा, तो जवळजवळ सपाट आहे.

निफाडचा बागायतदार

ताई, त्या फेरीबोटीचा दोर बांधलेला कशाला असतो?

सायकलची घंटा

दादा, दोन्ही काठांवर उंच आधार आहेत, त्यांच्यामध्ये तो ताणलेला असतो. बोटीची तार त्यावर कप्पीने सरकते.

निफाडचा बागायतदार

माझ्या लहानपणी आमच्या गोदाकाठी नाव ढकलायला बांबू लागायचा. मुलाला आत्ताच कळवतो, पुढच्या खेपेला आधी ती बोट आणि मग मळे.