मदत हवी आहे: मिशीमुळे स्नॉर्केलिंगचा मास्क गळतो

बेटावर आठवडाभर स्नॉर्केलिंग करायचंय. मास्क नवा, काच टेम्पर्ड. काचेवरचा कारखान्यातला सिलिकॉनचा थर पांढरी टूथपेस्ट दोन-तीनदा चोळून काढलाय. पाण्यात उतरण्याआधी बेबी शाम्पूचा थेंब आतून फिरवून विसळला की वाफही धरत नाही. अडचण गळतीची आहे. नाकाखाली मिशीचे केस मास्कच्या कडेत येतात, तिथून पाणी झिरपतं. पट्टा आवळला तर कड दुमडते आणि गळती उलट वाढते. पेट्रोलियम जेली नको, मास्कच्या सिलिकॉनच्या कडेला ती मानवत नाही.

मिशीला सिलिकॉन ग्रीस लावलं तर खाऱ्या पाण्यात किती वेळ टिकतं? की नाकाखालची बारीक पट्टी भादरणंच बरं? (पूर्ण मिशी उतरवा, हा सल्ला कृपया नको!) पर्ज व्हॉल्व्हच्या (नाकाने फुंकून आतलं पाणी बाहेर काढायची एकतर्फी झडप) मास्कमध्ये वाळूचा कण अडकून तो व्हॉल्व्हच गळायला लागतो का?